पाचशे लिटरच्या अलीकडे

नगर जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत उजाडता उजाडता दूध निघतं. गोठ्यातून किटलीत, किटलीतून संकलन केंद्रावर, तिथे फॅट-एसएनएफचं म्हणजे स्निग्धांश आणि बाकीचे घनपदार्थ मोजणारं मशीन, मग बल्क कूलर, मग टँकर. या वाटेवर अन्नसुरक्षेचा कायदा नेमका कुठे सुरू होतो असं विचारलं, तर बहुतेक जण टँकरकडे किंवा त्यापुढच्या प्लांटकडे बोट दाखवतील. कायद्याचं उत्तर वेगळं आहे. गोठ्यात तो नाही. किटली शेतकऱ्याच्या हातात आहे तोवरही नाही. केंद्रावर दुधाने हात बदलला की ते कायद्याच्या भाषेत ‘प्राथमिक अन्न’ होतं, आणि तिथून पुढे त्याला हात लावणारा प्रत्येक जण अन्नव्यावसायिक ठरतो.

हा कायदा म्हणजे अन्नसुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६. त्याचा प्रत्यक्ष अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याआधी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता, फळप्रक्रियेसाठी १९५५ चा आदेश, मांसासाठी १९७३ चा, दुधासाठी १९९२ चा. ते सगळे मोडीत काढून एकच कायदा केला गेला आणि त्यातून शेतकऱ्याला मुद्दाम बाहेर ठेवलं गेलं. कलम १८ चं तिसरं पोटकलम सांगतं की शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामं, पिकं, जनावरं आणि शेतकऱ्याने शेतपातळीवर काढलेलं उत्पादन यांना हा कायदा लागू नाही. अन्नाच्या व्याख्येतून उभं पीकही वगळलं आहे आणि पशुखाद्यही. पशुखाद्याकडे पुढे परत यावं लागेल. एरवी सूट म्हणून ही फार मोठी आहे. शेतकरी मेळाव्यात ती कुणी नीट समजावून सांगितल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

दुसरी सवलत कलम ३१ मध्ये आहे. परवान्याशिवाय अन्नाचा धंदा करता येणार नाही असं पहिलं पोटकलम म्हणतं, आणि लगेच दुसरं पोटकलम छोटा उत्पादक, फेरीवाला, हंगामी स्टॉलवाला, कुटीरोद्योग यांना त्यातून सोडवतं. त्यांनी फक्त नोंदणी करायची. छोटा कोण, हे २०११ च्या नियमावलीने आकड्यांत बांधलं: वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत, दिवसाला १०० किलो किंवा १०० लिटरपर्यंत उत्पादन, दुधाच्या बाबतीत दिवसाला ५०० लिटरपर्यंत हाताळणी, खाटीकखान्यात २ मोठी जनावरं, १० शेळ्या-मेंढ्या किंवा ५० कोंबड्या. नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये. मिळतो तो चौदा आकडी क्रमांक. त्याचा पहिला आकडा २ असेल तर नोंदणी, १ असेल तर परवाना. गावात या दोन्हींना ‘फूड लायसन’ असंच म्हणतात, आणि देणाऱ्या-तपासणाऱ्या सगळ्यांना ‘एफडीएवाले’.

दुधाच्या व्यवहारात हा बदल केवढा होता ते जुन्या आदेशाशी ताडून बघावं. १९९२ च्या आदेशानुसार नोंदणीची गरज दिवसाला १०,००० लिटरच्या वर हाताळणाऱ्यालाच होती. त्या हिशेबाने गावोगावची केंद्रं, गवळी, खव्याच्या भट्ट्या यांचा त्या नोंदणीशी संबंधच नव्हता. नव्या नियमावलीत ५०० लिटरच्या वर परवाना आणि त्याखाली नोंदणी. म्हणजे कुणीच सुटत नाही. साहजिकच लोकांनी दाद दिली नाही. जुन्या व्यावसायिकांनी नव्या कायद्याखाली येण्याची मुदत २०१२ पासून पुन्हा पुन्हा वाढत गेली, ती अखेर ४ मे २०१६ ला थांबली. एखाद्या कायद्याला आपल्या कक्षेतल्या लोकांची यादी करायलाच पाच वर्षं लागतात, तेव्हा लोक अडाणी आहेत असं म्हणणं सोपं असतं. मला वाटतं, आखणीच चुकली होती. आखणारे आकार मोजत बसले आणि धोका कुठे तयार होतो हे त्यांनी पाहिलंच नाही. सवलतीच्या या सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे, आणि नगर जिल्ह्यात ते जितकं स्पष्ट दिसतं तितकं फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

कारण हा जिल्हा दुधावर उभा आहे. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसारा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगर. उत्तरेकडचे प्रवराकाठचे तालुके उसाचे. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पट्ट्यात. दक्षिणेकडचे कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेर कोरडवाहू. पण संकरित गाय दोन्हीकडे आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टीन आणि जर्सी यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ काढली ती याच मातीत. संगमनेरच्या तालुका दूध संघाचं ‘राजहंस’, कोपरगावचा गोदावरी खोरे संघ ही सहकाराची बाजू. खाजगी बाजूही तेवढीच तगडी: श्रीरामपूरजवळ वाढलेल्या प्रभात डेअरीचा दुधाचा धंदा २०१९ मध्ये लॅक्टालिस या फ्रेंच कंपनीच्या गटाने सुमारे १,७०० कोटी रुपयांना घेतला. दोन-चार गायींच्या गोठ्यातलं दूध एका टोकाला असं जागतिक भांडवलाला जाऊन मिळतं. दुसऱ्या टोकाला शेजारणीच्या पातेल्यात रतीब म्हणून पडतं.

या रतिबाचीही नियमावलीत एक गंमत आहे. नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेचा सभासद असलेला उत्पादक आपलं सगळं दूध संस्थेला घालत असेल, तर त्याला नोंदणीची गरज नाही असं नियम सांगतो. ‘सगळं’ ही अट आहे. अक्षरशः वाचलं तर सकाळी दोन लिटर मास्तरांच्या घरी रतीब घालणारी बाई या सवलतीतून बाहेर पडते. खाजगी डेअरीला दूध देणाऱ्याचा तर यात उल्लेखच नाही. मग तो कुठे बसतो? कलम १८ म्हणतं, शेतपातळीवरच्या शेतकऱ्याला कायदाच लागू नाही. तसं असेल तर सहकारी सभासदाला वेगळी सूट देण्याचं कारण काय? आणि वेगळी सूट द्यावी लागते, याचा अर्थ बाकीच्यांना नोंदणी लागते का? गाय तीच, गोठा तोच, दूध तेच. फक्त केंद्रावरची पाटी वेगळी. कायदा आणि त्याखालचा नियम यांच्यातली ही फट न्यायालयात कुणी ताणून धरली तर वकिलांचं भलं होईल. सुदैवाने गोठ्यापर्यंत तपासायला सहसा कुणी जात नाही, म्हणून फट तशीच राहिली आहे.

आता धोक्याकडे. दुधाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर भेसळ येते: युरिया, डिटर्जंट, तेल. ती होते, यात शंका नाही. २०२३ मध्ये याच जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यात व्हे पावडर आणि पॅराफिनचं प्रकरण उघडकीला आलं आणि बरंच गाजलं. त्याच वर्षी राज्य सरकारने भेसळ रोखायला जिल्हावार समित्या नेमल्या. पण अशी भेसळ करायला पावडरीची पोती लागतात, साठवायला जागा लागते, आणि मुख्य म्हणजे अनेकांचं दूध एकत्र येण्याची जागा लागते. दोन गायींच्या गोठ्यात फार तर पाण्याचा तांब्या पडतो, आणि तो केंद्रावरचं मशीन लगेच पकडतं. पावडरीचा खेळ मधल्या साखळीत होतो. ती साखळी ५०० लिटरच्या वरचीही असते आणि खालचीही. २००६ च्या कायद्यातून मात्र ती कागदावर कधीच सुटलेली नव्हती.

देशपातळीवरचे आकडे आणखी विचारात पाडणारे आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये १,७९१ नमुने तपासले आणि ६८ टक्के निकषांत बसत नाहीत असं जाहीर केलं; तो आकडा आजही भाषणांत फिरतो. २०१८ मध्ये हजाराहून जास्त शहरांतून ६,४३२ नमुने घेतले. त्यात भेसळीचे निघाले १२. सुमारे ४१ टक्के नमुने फॅट, एसएनएफ अशा कुठल्या ना कुठल्या गुणवत्तेच्या निकषात कमी पडले, पण त्यातल्या बहुतेकांत खाणाऱ्याला धोका नव्हता. अ‍ॅफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त सापडलं ३६८ नमुन्यांत, म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. प्रतिजैविकांचे अंश ७७ नमुन्यांत. विषाच्या बाबतीत तमिळनाडू, दिल्ली, केरळ पुढे होते. प्रतिजैविकांच्या यादीत महाराष्ट्र वरच्या राज्यांत होता. पाहणी शहरांतली होती, वर्षातल्या ठरावीक दिवसांतली होती, सणासुदीच्या खव्याबद्दल ती काही सांगत नाही. हे सगळं धरूनही बारा आणि तीनशे अडुसष्ट यांतला फरक मिटत नाही.

अ‍ॅफ्लाटॉक्सिन दुधात कुणी मिसळत नाही. ओल लागलेली सरकी पेंड, भुईमुगाची पेंड, बुरशी आलेला मका, नीट न दाबलेला मुरघास गायीने खाल्ला की ते तिच्या पोटातून दुधात उतरतं. उकळून जात नाही, पाश्चरायझेशनने जात नाही. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात तिच्या एक दशांश. आता कायद्याचा नकाशा पुन्हा पाहू. पशुखाद्य अन्नाच्या व्याख्येत नाही. गोठा कलम १८ ने बाहेर. म्हणजे विष जिथे शिरतं त्या दोन्ही दारांवर कायद्याचा पहारा नाही, आणि ते दुधात उतरल्यानंतर प्लांटच्या दारात तो नमुना मागतो. तोवर पन्नास गोठ्यांचं दूध एक झालेलं असतं. कुणाच्या पेंडीने घात केला हे शोधणार कोण?

प्रतिजैविकांचंही तसंच. गायीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की डॉक्टर ट्यूब सोडतो आणि अमुक दिवस दूध घालू नका म्हणतो. दिवसाला २० लिटर देणारी गाय आणि लिटरला ३० रुपये भाव धरला, तर तीन दिवसांचे १,८०० रुपये शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून ओतून द्यायचे. ओतलेल्या दुधाची भरपाई कुठल्याच योजनेत नाही. ज्याच्याकडे चाळीस गायी आहेत तो एकीचं दूध बाजूला काढतो. दोन गायीवाल्याचं निम्मं उत्पन्न बाजूला निघतं. लहान असणं इथे धोका कमी करत नाही, तो वाढवतं. आणि त्यावर नोंदणी हा उपाय नाही, दंड तर नाहीच.

हे बोलायला जावं तर शेतकरी भावावर येतो, आणि ते बरोबरच आहे. १ जून २०१७ ला राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा रस्त्यावर दूध ओतलं गेलं. २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या कोतूळला दूधदरासाठी दीर्घ धरणं झालं. दूध आंदोलनांत भावाच्या जोडीने एक मागणी सतत आली: केंद्रावरचे मिल्कोमीटर आणि काटे सरकारी यंत्रणेने तपासावेत. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला भाव जाहीर होतो. मशीनने एक पॉइंट खाली दाखवला की पैसे कापले जातात. फसवणुकीची ही बाजू अन्नसुरक्षा कायद्याच्या कक्षेत येत नाही, ती वजनमापाच्या खात्याकडे ढकलली जाते. शेतकऱ्याच्या लेखी मात्र दूध तपासणं म्हणजे हेच मशीन. ज्या तपासणीत आपल्याला लुबाडलं जातं असं त्याला वाटतं, तिच्यातच आणखी एका चाचणीची भर घाला असं त्याला सांगणं अवघड आहे.

दुधाचं एवढं झालं. त्याच घरातली बाई दूध न घालता त्याचं पनीर, खवा किंवा तूप करू लागली, की चित्र एका दिवसात बदलतं. शेतपातळी संपली, प्रक्रिया सुरू झाली, नोंदणी आली. मला हे योग्य वाटतं. पनीर हा पटकन बिघडणारा पदार्थ आहे, आणि तो करणाऱ्याचं पाणी, फडकं, हात हे सगळं त्यात उतरतं. पण हीच रेष तिखट-मसाल्यालाही तशीच लागते, जिथे धोका त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पुन्हा आकार मोजायची पद्धत काय करते ते मसाल्यात पाहावं. काळ्या मसाल्याला किलोला ६०० रुपये भाव धरला तर १२ लाखांची उलाढाल २,००० किलोला गाठते. दिवसाला साडेपाच किलो. दुधाला लिटरमागे ३० रुपये धरून ५०० लिटरचा हिशेब केला तर वर्षाची उलाढाल ५५ लाखांच्या घरात जाते. दिवसाला साडेपाच किलो मसाला करणारा बचत गट मर्यादेला टेकतो आणि ५५ लाखांचं दूध हाताळणारा लिटरच्या मापाने छोटाच राहतो. नियमात उलाढाल आणि क्षमता ‘आणि/किंवा’ अशा जोडणीने येतात, त्यामुळे कोणतं माप धरायचं हे समोर बसलेल्या माणसावर उरतं. २०११ च्या १२ लाखांत जितका माल यायचा तितका पुढे येईना, तरी आकडा दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच खिळून राहिला.

नगरच्या साईज्योती प्रदर्शनात बचत गटांचे स्टॉल पाहिले की माल कसा आहे ते कळतं: मसाले, पापड, कुरडया, लोणची, हातसडीचा तांदूळ, नाचणीचे पदार्थ. अकोल्याच्या डोंगरातून आलेला तांदूळ जसाच्या तसा शेतकऱ्याने विकला तर कायद्याबाहेर; गटाने विकत घेऊन पिशवीत भरला की कायद्यात. भुकटी केलेले मसाले सुटे विकता येत नाहीत, ते बंद पाकिटातच हवेत, असा निर्बंध आहे. पाकीट आलं की लेबल आलं, तारीख आली, घटक आले, वजनमापाचे नियम आले. आपली मिरची डंकावर कांडून आणणं हा झाला मजुरीचा व्यवहार. तोच डंकवाला स्वतःची मिरची कुटून पळीने मोजून देऊ लागला तर नियमभंग. लाकडी घाण्याच्या तेलाचंही हेच. खाद्यतेल सुटं विकायला बंदी आहे, राज्य सरकारला सूट देता येते तेवढीच पळवाट. घाण्यावर येणारं गिऱ्हाईक करडई किंवा शेंगदाणा समोर गाळून घ्यायला येतं, किटली घेऊन येतं, कारण डोळ्यांनी पाहणं हीच त्याची खात्री असते. कायदा त्याला सांगतो की बंद बाटली जास्त विश्वासाची. बाजारात पामतेलाची मिसळ जिथे होते तिथे हे खरं आहे. घाण्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरं नाही.

एवढं करून छोट्याला मिळणारी खरी सवलत कोणती? दंडाची एक: मागणीप्रमाणे दर्जाचा माल दिला नाही तर मोठ्याला पाच लाखांपर्यंत दंड, कलम ३१(२) मधल्या छोट्याला २५ हजारांपर्यंत. असुरक्षित अन्न विकून कुणाला इजा झाली, मृत्यू झाला, तर मात्र शिक्षेत लहान-मोठा भेद नाही, आणि नसावाच. दुसरी सवलत कामकाजाची, आणि ती चांगली आहे. अर्जावर सात दिवसांत काही कळवलं नाही, तपासणीही लावली नाही, तर धंदा सुरू करता येतो. स्वच्छतेचे नियम सोपे. वार्षिक विवरण नाही. शंभर रुपये फी कुणालाच जड नाही. जड होतात ते नोंदणीच्या पोर्टलसाठी सेवा केंद्रावर किंवा एजंटला मोजावे लागणारे पैसे, आणि त्यापेक्षाही नूतनीकरणाची तारीख हुकण्याची धास्ती.

कुऱ्हाड कोसळते ती मर्यादेच्या पलीकडे पाऊल पडल्यावर. परवान्याच्या अटी पाहा: उत्पादनावर देखरेखीला विज्ञानाची किंवा अन्नतंत्रज्ञानाची पदवी-पदविका असलेला माणूस, दर सहा महिन्यांनी मालाची प्रयोगशाळेत तपासणी, पाण्याचा अहवाल, अन्नसुरक्षेचा आराखडा, खरेदी-विक्री फक्त नोंदणीकृत किंवा परवानाधारकांशी. शंभर रुपयांवरून दोन-तीन हजारांवर गेलेली फी हा यातला सर्वांत हलका भाग. आणि ही कुऱ्हाड नेमकी त्याच लोकांवर पडते ज्यांना सरकार एकत्र या म्हणून सांगत असतं. दहा बायका आपापल्या घरी दीड-दीड लाखांचा माल करतात तोवर प्रत्येकीची नोंदणी पुरते. त्यांनी उत्पादक कंपनी काढली, पंधरा लाखांची उलाढाल एका नावावर आली, की परवाना. केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटाच्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल आणि उद्योगाला ३५ टक्के अनुदान मिळतं. एक खातं वाढा म्हणून पैसे देतं आणि दुसऱ्या खात्याची नियमावली वाढल्याची किंमत वसूल करते. दहा घरांत वेगवेगळा केलेला मसाला एका शेडमध्ये, एका चक्कीवर, एका नजरेखाली केला तर तो जास्त सुरक्षित होतो की कमी? उत्तर उघड आहे, आणि नियम त्याच्या उलट्या बाजूला उभा आहे.

सेंद्रिय मालात या मर्यादेचा वापर जरा शहाणपणाने झाला. २०१७ च्या सेंद्रिय नियमावलीने थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट दिली. उलाढालीची मर्यादा तीच १२ लाखांची, पण असा माल गोळा करून थेट ग्राहकाला विकणाऱ्या मध्यस्थालाही ५० लाखांपर्यंत मुभा ठेवली. सेंद्रिय मालाचं बोधचिन्ह मात्र वापरायचं नाही. इथे सवलतीची किंमत आणि तिचा फायदा दोन्ही समजण्यासारखे आहेत: ग्राहक माणसाला ओळखत असेल तर शिक्का लागत नाही.

ओळखीचं हे तत्त्व परदेशात आणखी पुढे नेलेलं आहे. युरोपच्या २००४ च्या स्वच्छता नियमाने शेतकरी थोडा माल थेट ग्राहकाला किंवा जवळच्या दुकानाला देतो तो व्यवहार मूळ नियमातून काढून देशांवर सोपवला. अमेरिकेत २०११ चा अन्नसुरक्षा कायदा झाला तेव्हा माँटानाचे सिनेटर जॉन टेस्टर, जे स्वतः शेती करायचे, त्यांनी एक दुरुस्ती घालून घेतली: वर्षाला पाच लाख डॉलरपेक्षा कमी विक्री, आणि त्यातली निम्म्याहून जास्त थेट ग्राहकाला किंवा त्याच राज्यातल्या वा २७५ मैलांच्या आतल्या हॉटेल-दुकानांना असेल, तर कडक नियमांतून सूट. आजार पसरला तर ती काढूनही घेता येते. मोठ्या उत्पादकांच्या संघटनांनी तेव्हा विरोध केला, जंतू आकार पाहून येत नाहीत असं म्हणून. म्हणणं खोटं नव्हतं. पण पालकाच्या एका जुडीने किती लोक आजारी पडतील आणि एका कारखान्यातल्या पिशव्यांनी किती, हा फरकही खोटा नाही. नगरभोवती २७५ मैलांचं वर्तुळ काढलं तर पुणे, मुंबई, नाशिक, संभाजीनगर सगळंच आत येतं, म्हणून अंतराचं माप इथे कामाचं नाही. किती हातांतून माल गेला, हे माप चालेल. रतिबाच्या दुधाला एक हात, केंद्रावरून प्लांटमार्गे पिशवीत आलेल्याला पाच-सात.

आपल्याकडच्या व्यवहारात काही गोष्टी तर अशा आहेत की त्यांना कायद्याने कुठे बसवावं हेच सुचू नये. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्याला आली की नगर-पुणे, नगर-संभाजीनगर रस्त्यालगतच्या शेतांत हुरडा पार्ट्या भरतात. आगटीत भाजलेलं आपल्याच शेतातलं कणीस हे शेतपातळीवरचं उत्पादन म्हणावं, तर सोबतची शेंगदाण्याची चटणी, दही आणि दुपारचं पिठलं-भाकरीचं ताट ही खानपान सेवा. एकाच बाजेवर बसलेला पाहुणा कायद्याच्या आत-बाहेर करत जेवतो. आणि श्रीरामपूर तालुक्यातल्या सरला बेटाच्या परंपरेतला गंगागिरी महाराजांचा सप्ताह घ्या. गावोगावच्या चुलींवर भाजलेल्या भाकरी ट्रॅक्टर भरभरून येतात, आमटी कढयांत शिजते, हजारोंच्या पंगती उठतात. कायद्यातली अन्नव्यवसायाची व्याख्या नफ्याची अट घालत नाही, आणि छोट्या उत्पादकाच्या व्याख्येत धार्मिक-सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही धरला आहे. सरळ अर्थाने सप्ताह समितीने नोंदणी करायला हवी. मला यात काही गैर दिसत नाही. विषबाधा पंगतीतच मोठी होते, आणि पाणी कुठलं, आमटी किती वेळ ठेवली हे कुणीतरी आधी विचारलेलं बरं. पण भाकरी पाठवणाऱ्या घरांचं काय करणार? इतके हात एका अन्नाला लागत असताना कायद्याला तिथे एकच जबाबदार माणूस हवा असतो, आणि सप्ताहाची रीतच अशी की कुणी एक जण ‘मी केलं’ म्हणत नाही.

अंमल करणारी माणसं किती, हा प्रश्न सगळ्यांच्या वर आहे. जामखेडपासून अकोल्यापर्यंत पसरलेल्या जिल्ह्यात मोजके अन्नसुरक्षा अधिकारी. ते सहज पोहोचतात तिथून नमुने घेतात, म्हणजे शहरातल्या मिठाईच्या दुकानातून, हमरस्त्यावरच्या हॉटेलातून, दिवाळीच्या तोंडावर. प्रत्येक नमुना चार भागांत बांधायचा, शिक्के लावायचे, विश्लेषकाकडे धाडायचा, चौदा दिवसांत अहवाल यायचा. गावातल्या हजारो नोंदण्या या माणसांना कागदावर दिसतात, एवढंच. त्यामुळे सूट वाढवावी की कमी करावी या वादात मला फारसा रस उरलेला नाही. नोंदणीतून आणखी काही जणांना वगळलं तरी त्या अधिकाऱ्याच्या दिवसात फरक पडणार नाही, आणि आणखी काहींना आत ओढलं तरी नाही.

फरक पडू शकतो तो संकलन केंद्रावर. नगर जिल्ह्याकडे एक गोष्ट आधीच तयार आहे जी अमेरिकेतल्या शेतबाजाराकडेही नाही: प्रत्येक उत्पादकाच्या नावाने, सकाळ-संध्याकाळ, लिटर-फॅट-एसएनएफची नोंद. दूध कुणाच्या गोठ्यातलं हे गावपातळीवर रोज लिहिलं जातं. या नोंदीला बल्क कूलरवर प्रतिजैविकांची पट्टी आणि महिन्यातून एकदा अ‍ॅफ्लाटॉक्सिनची तपासणी जोडली, तर गोठ्याला कायद्यात न ओढताही गोठ्यापर्यंत मागोवा घेता येईल. दोष सापडला तर पहिल्या वेळी दंड नको. पेंड कुठून घेतली हे विचारायला बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्राचा किंवा संघाचा माणूस जावा. गायीच्या उपचाराच्या दिवसांतलं दूध संघाने अर्ध्या भावाने वेगळं उचलून नष्ट केलं तर दोन गायीवालाही खरं सांगेल. अर्थात पट्टीचा खर्च संघाने सोसायचा की शेतकऱ्याकडून कापायचा, यावर भांडण होणारच, आणि ते दर दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो त्या दिवशी केंद्राच्या ओट्यावर होईल.